हा फोटो कुणी काढला?

मंडळी, आज सकाळी हुबळीत आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले होते.

मागच्या महिन्यात मी एकटीच, पाठीवर सॅक टाकून, ट्रेननं कझाकस्तान फिरून आले. त्यातला एक फोटो बघून मुलाच्या आत्यानं विचारलं, "हा कुणी काढला गं?"

मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "ग्रुपमधल्या अक्कांनी. बायकांचीच टूर होती."

खरं तर समोरच्या बर्थवरच्या अनोळखी म्हाताऱ्यानं काढला होता.

तिकडं भाषेचा एक शब्द येत नसताना दोन आठवडे निभावून नेलं. इथं मराठी येते, कन्नड येते, तरी मी गुमान उप्पिटाच्या बशा उचलल्या.

आत्ता होकार आलाय. तो मला आलाय की अप्पांच्या त्या टूरवाल्या मुलीला, सांगा बघू.