दोघींची मिळून एक

सिनेमाची लिंक आली तेव्हा मी मोखाड्याच्या पाड्यांवर लसीकरण करून नुकती घरी येऊन टेकले होते. पाय भरून आले होते. पाठवणारी आमची शाळेतली मैत्रीण. जव्हारच्या कापडदुकानदाराची मुलगी, आता मुंबईत सिनेमे करते. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या तिघींची गोष्ट. बघून सांगा.’ तिसरी जामसरला असते. भात झोडून झालं की नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाते. तिच्याशिवाय बघायचा नाही असं ठरवलं आणि रविवारी जीप पकडून तिच्या पडवीत जाऊन बसले.

वसतिगृहात ही जामसरची आणि मी, आम्ही दोघी शेजारी शेजारी झोपायचो. मी कोकणा जमातीची, ती वारली जमातीची. घरची बोली वेगळी, सणवार वेगळे. एकमेकींच्या बोलीची टिंगल करण्यातच आमची अर्धी मैत्री झाली. दुकानदाराच्या मुलीला मात्र आम्ही दोघी सारख्याच वाटायचो. मागून हाक मारताना ती हमखास चुकायची. तेव्हा आम्हाला त्याचं हसू यायचं.

माझ्या मोबाइलवर सिनेमा सुरू झाला. दुकानदाराची मुलगी हुबेहूब होती, डब्यातल्या लिंबाच्या लोणच्यासकट. मग गावाकडची मुलगी आली. ‘ही मी,’ जामसरची मैत्रीण खूश होऊन म्हणाली, कारण ती मुलगी झाडावर चढून गात होती. मला वाटलं ती मी, कारण इंग्रजीच्या तासाला तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ‘तू कवा येशील?’ मैत्रीण विचारत राहिली. मीही सिनेमात ती कधी येते याची वाट बघत होते.

मग त्या मुलीचं घर दाखवलं. भिंतीवर वारली लोक लग्नात रंगवतात तो चौक, आणि खुंटीला आम्हा कोकणांच्या बोहाड्याच्या सोंगाचा मुखवटा, माझ्या बापाकडे होता तसा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्हा दोघींची मिळून एकच मुलगी केली होती. दुसरी येणारच नव्हती.

वाईट मनाने केलं नसणार, हे मला कळत होतं. सिनेमात आम्ही असावं म्हणून ती कुणाकुणाशी भांडलीही असेल. राग यायला हवा होता, पण आला नुसता कंटाळा. ऑफिसात, बसमध्ये, सगळीकडे लोकांना समजावत आले की आम्ही सगळे एकच नाही. आता शाळेत बरोबर असलेल्या हिलाही पहिल्यापासून सांगायचं? शेजारी मैत्रीण अजून वाट बघत होती, म्हणून मी पुढे बघत राहिले.

सिनेमाच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली. ती मुलगी जव्हारहून गावाकडे निघाली. डोक्यावर पेटी, अनवाणी, एकटी, मागे बासरीचे सूर. आम्ही त्या रस्त्याने कायम दोघी गेलो. चपलांचा जोड एकच, माझा. वळण आलं की तो एकीच्या पायातून दुसरीच्या पायात जायचा. कुणाचं वळण मोठं झालं यावरून भांडत, खिदळत आम्ही घरी पोचायचो.

‘तू आलीच नाय,’ सिनेमा संपल्यावर मैत्रीण म्हणाली. मग मी तिला सांगितलं. तेवढ्यात मुंबईहून मेसेज आला, ‘कसा वाटला?’ काय लिहू, मी विचारलं.

‘लिही, चांगला हाय,’ ती म्हणाली. भेगाळलेल्या टाचेवरून ती हात फिरवत होती. ‘आन् लिही, त्या पोरीला चपला तरी द्यायच्या होत्या. एकली हाय ना ती. वाटून घ्यायला कोण हाय तिला?’