क्रांतीच्या लग्नाचा फेटिया

झुंबरबाई रागीट होती, हे सगळ्या तांड्याला ठाऊक होतं. रस्त्याच्या कामावर मुकादम आवाज चढवायला लागला की ती पाटी खाली ठेवून त्याच्याकडे नुसती बघायची. मुकादम मुकाट्यानं वळायचा. विजापूरकडून कोल्हापुरात खडी फोडायला आलेल्या या लमाण बाईनं अंगावरचा आरशांचा पोशाख शहरासाठी कधी सोडला नाही. राजारामपुरीत कापडाच्या दुकानात ती शिरली की मालक आधी गठ्ठे मागं ओढायचा. तिला ते दिसायचं आणि अंगाची लाही व्हायची.

लेक क्रांती जन्मली तसा तिनं तिच्या लग्नाचा फेटिया, म्हणजे आरशांचा घागरा, शिवायला घेतला. आईनं शिवलेला फेटिया घालून, आईच्या गळ्यात पडून, सूर लावून रडल्याशिवाय लमाणाची पोर सासरी जात नाही. त्या रडण्याला ढावलो म्हणतात. क्रांती मोठी झाली, साडी नेसू लागली आणि राजारामपुरीतच शिवानीताईंच्या फॅशनच्या दुकानात शिवणकामाला लागली. हे दोन हजार चार सालातलं. कॉलेजच्या पोरींना तेव्हा लमाणी आरशांचं भारी वेड लागलं होतं.

लग्न तोंडावर आलं तेव्हा झुंबरबाईनं पेटी उघडली. आत फेटिया नव्हता.

"ताईंना नमुना दावायला न्हेलता," क्रांती आईला, आपल्या याडीला, म्हणाली. "त्यांनी कापला. जाकिटं केली. जाऊ दे की, याडी. मी शालूच नेसणार हाय."

कापला यापेक्षा ते ‘जाऊ दे’ आईच्या काळजात घुसलं. ज्या कापडापायी दुकानदारांनी तिला चोर धरलं, तेच आता काचेमागं टांगायचं, आणि पोटच्या पोरीला मात्र त्याची लाज! झुंबरबाई पेटी तशीच उघडी टाकून दुकानाकडे निघाली.

दुकानात एक कॉलेजची पोरगी जाकीट घालून बघत होती. पाठीवर फेटियाचा घेर होता. झुंबरबाईनं आपला टाका ओळखला. शिवानीताई गडबडीनं पुढं आल्या.

"मावशी, माझं चुकलं. विचारायला हवं होतं. अगदी असाच नवा शिवून देते क्रांतीला."

"तू काय तिची आई हाईस?" झुंबरबाई कडाडली.

मग ती सरळ त्या पोरीपाशी गेली, तिला दोन्ही हातांनी गळ्याशी धरलं आणि ढावलोचा सूर लावला. पोरगी भेदरून ताठ उभी राहिली. रिक्षावाले दारात जमले.

मागच्या खोलीतली मशीन थांबली. क्रांती धावत आली आणि आईचा हात ओढू लागली. "याडी, सोड तिला! तुझी लेक मी हाय. मी हितं हाय."

झुंबरबाईनं मिठी सैल केली नाही.

"तू जा, शालू नेस," ती म्हणाली. "फेटिया हिच्या अंगावर हाय. मी माझ्या लेकीला रडालोय."