पार्वतीकाकूंच्या हाताचा गुण

महाडच्या एका कॉलेजात मी पीएचडी करते. विषय, सूज उतरवणाऱ्या वनस्पती. चार वर्षांत अर्क कमी निघाले आणि किस्से जास्त. अर्काच्या बाटल्यांना निदान लेबलं तरी आहेत!

* * *

सगळ्याचं मूळ पार्वतीकाकू. कापडे गावाच्या वरच्या वाडीत त्या मुरगळलेल्या पायावर लेप बांधतात. लेपात दोन पाले. एक निर्गुडी, ती शेंबडं पोरही ओळखेल. दुसरा त्या कुटूनच बाहेर आणतात. नाव विचारलं तर म्हणाल्या, "नाव सांगितलं का हाताचा गुण जातो."

त्या एका नावापायी माझा प्रबंध अडला होता. गाइड सर रोज विचारायचे, "मिळालं का नाव?" मी रोज निर्गुडीबद्दल बोलायला लागायचे.

* * *

एकदा गच्चीत वाळत घातलेली निर्गुडी गायब. आमचे शिपाई सावंतमामा शांतपणे म्हणाले, "मीच नेली. तांदळाच्या पिंपात टाकली."

सर भडकले. "मामा, ते सॅम्पल होतं!"

"मग रिझल्ट घ्या ना. एक किडा नाय झाला."

* * *

अर्कात दम आहे का, याची आमची पहिली परीक्षा अंड्याच्या पांढऱ्यावर होते. अर्क घालून ते तापवायचं, कमी गढुळलं तर अर्क पास. बलक उरतात. मामांनी त्यांची भुर्जी सुरू केली. महिन्याभरात केमिस्ट्रीवाले दारात येऊन विचारू लागले, "मॅडम, आज रिसर्च आहे का?"

* * *

सरांचा विश्वास फक्त ग्राफवर. वाडीतून उतरताना त्यांचा पाय मुरगळला. काकूंनी लेप बांधला. सरांनी रोज टेपनं घोटा मोजला आणि पाचव्या दिवशी चालत वाडीवर जाऊन काकूंना सांगितलं, "सूज उतरली, पण हा एकाच पायाचा डेटा आहे."

काकू म्हणाल्या, "मग दुसराबी मुरगळू का?"

* * *

शेवटी मुदत संपत आली. मी काकूंच्या ओसरीवर बसून रडलेच. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाल्या, "सांगते. पण मंग गुण माझ्या हातातून तुझ्या हातात जाणार. चालंल?"

मी डोळे पुसत म्हटलं, "चालेल की." मला काय, नावाशी मतलब! त्यांनी कानात नाव सांगितलं. ते प्रबंधात आहे, इथे लिहीत नाही.

सोमवारी लॅबसमोर रांग. एक सुजलेला गुडघा, एक कोपर, आणि एकजण चक्क शेळी घेऊन. "काकूंनी पाठवलंय. गुण आता ताईंच्या हातात हाय म्हणाल्या. आधी कोणाचं बघता, माणसाचं का शेळीचं?"

मामा हसून हसून भिंतीला टेकले. मीही हसतच होते, तेवढ्यात शेळीच्या मागे पार्वतीकाकू दिसल्या. पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. मनगट टम्म सुजलेलं.

त्यांनी हात पुढे केला. "बांध गो. माझ्या हाताला आता गुण नाय."