कुटलेली गोळी

आमच्या झरीचा रामहरी मेंढरं राखतो. लांडग्यामागे काठी घेऊन धावणारा हा गडी सव्विसाव्या वर्षी टाळू दिसायला लागली म्हणून हादरला. जेवतानाही डोक्याचा रुमाल सोडेना. मी शेजारी, बराच हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

परभणीच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, की अंगातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं आणि काहींच्या केसांची मुळं त्याने बारीक होत जातात. ते कमी बनावं म्हणून रोज एक गोळी गिळायची. पण पारावर गावातल्या भुजंगने या गोळीने मर्दानगी जाते असं सांगितलं आणि रामहरीचं धाबं दणाणलं. डॉक्टरांना विचारायची लाज. मग त्याने स्वतःची अक्कल चालवली. मेंढीला खरूज झाली की आम्ही गोळ्या कुटून करंजाच्या तेलातून चोळतो. तसंच त्याची बायको शिवकन्या रोज गोळी कुटायची आणि तेलात कालवून बोटांनी त्याच्या टाळूला चोळायची.

दोन महिन्यांत फरक पडला नाही, म्हणून तो परत गेला. ऐकून डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, आणि चोळतं कोण, असं विचारलं. शिवकन्येला चौथा महिना लागला होता.

"मुलगा असेल तर पोटात त्याचं लिंग घडायला हेच डीएचटी लागतं," डॉक्टर म्हणाले. "गोळीची पूड हाताच्या कातडीतून फार आत जात नाही, बहुतेक काही होणार नाही. पण खात्री मी देऊ शकत नाही. मुलगी असेल तर ही भीती नाही."

"मंग पोरगा हाय का पोरगी, तेवढं बघून सांगा सायेब."

ते सांगायला कायद्याने बंदी आहे, हे डॉक्टरांनी त्याला दोनदा समजावलं.

घरी येताच त्याने बायकोचे हात साबणाने तीनदा धुतले आणि मग सगळं सांगितलं. ती रडली नाही. पण त्या दिवसापासून तिने स्वतःच्या पोटाला हात लावला नाही. मलाही ते बघवेना.

रविवारी सासू भिवराबाई तिला बिरोबाला घेऊन गेली. नातवासाठी नवस बोलायचा होता.

"आत्याबाई," शिवकन्या हळूच म्हणाली, "पोरगी मागा."

का ते तिने सांगितलं. भिवराबाई हात जोडून बराच वेळ उभी राहिली. आयुष्यात तिने देवाला पोरगी कधी मागितली नव्हती.