मूठ उघडेना

“पडायला कोण शिकतं गो? माणूस पडतो तो आपोआप!”

“आपोआप पडले म्हणूनच खांदा सुजला ना, बाबा!”

एडवण गावात, घरच्या अंगणात बापलेकीची जुंपली होती. भगवंत फाटलेलं जाळं सांधत बसला होता. मेघालीनं माडाच्या खोडाला सायकलची ट्यूब आणि ट्यूबला दोर बांधला होता. दोर ताणायचा, हिसका बसला की सोडायचा आणि पेंढ्यावर पडायचं. सकाळपासून तिचं हेच चाललेलं.

मेघाली आठवडाभर बोईसरच्या कारखान्यात रसायनं तपासायची आणि सुटीला खाडीवर पळायची. तिथे मोटारबोटीला बांधलेला दोर धरून, पाय फळीत अडकवून, पाण्यावरून सुसाट जायचं. वेकबोर्डिंग. आता तिला बोटीमागच्या लाटेवरून उडी मारायची होती. शिकवणाऱ्या हर्षितनं मात्र बजावलं होतं, “पडताना दोर सोडायला शीक, मगच उडी. पुढच्या वेळी खांदा निखळेल.”

बाकी सगळं जमत होतं. हनुवटी छातीशी, हात पुढे न टेकता अंगाशी. फक्त मूठ उघडत नव्हती. तोल गेला की ती दोर आणखीच आवळायची, अन् मोटारबोट मेघालीला खांदा ताणत फरफटत न्यायची. आपलीच बोटं आपलं का ऐकत नाहीत, याचं तिला मोठं नवल वाटायचं. आज पेंढ्यात लोळताना उलगडलं.

“तुमीच शिकवलंत हे. लहानपणी, होडीवर. काय पण झालं तरी दोर सोडायचा नाय!”

“मग? दोर सुटला की जाळं गेलं.”

“इथे जाळं नाय, बाबा. दोराला मी हाय.”

भगवंतचे हात थांबले. तो उठला, ट्यूब सोडून दोर स्वतःच्या हाती घेतला. “चल. ओढतो.”

“आणि ‘सोड’ म्हणून ओरडा.”

त्यानं हिसका दिला आणि ओरडला, “धर!”

मेघाली तोंडावर आपटली. पेंढा थुंकत हसत सुटली. भगवंतही ओशाळून हसला. तोंडाला तोच शब्द बसलेला. त्यानं घसा खाकरला, पुन्हा ओढलं.

“सोड!”

मूठ उघडली. तिला कळायच्या आत. मेघाली पेंढ्यात पडल्या पडल्या आपल्या तळहाताकडे बघत राहिली.

“बाबा, ही मूठ माझं ऐकत नाय, तुमचं ऐकते! उद्या हर्षितच्या बोटीवर बसाल? तुमी ओरडलात तर मी उडी मारीन.”

पर्यटकांच्या त्या बोटीवर भगवंतनं कधी पाय ठेवला नव्हता. त्यानं दोराची गुंडाळी केली, खुंटीला अडकवली, पायात चपला सरकवल्या आणि हर्षितची बोट आजच बघून घ्यायला फाटकाबाहेर पडला.