ओढून न पाहिलेली वायर

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, लाइनवरच्या बायांजवळ नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही – तिथे तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागून परत येते. तुम्ही कोण, मला माहीत नाही. म्हणूनच तुम्हाला सांगता येईल असं वाटतं. समोर ओळखीचा चेहरा असला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. लहानपणापासून तशीच आहे मी.

गाडीपासून सुरू करते. ते सोपं आहे.

तेव्हा आम्ही काळेवाडीत राहायचो. घराला लागून पत्र्याची शेड होती, तिच्यात तात्यांची गाडी आणून ठेवलेली. तात्या म्हणजे इथले जुने, गावठाणातले. जमिनी कंपन्यांना गेल्या तेव्हा त्यांनी हौसेनं एक लाल, बुटकी, दोनच दारांची गाडी घेतली – नुसती पळवायला बनवलेली असते ना, तसली. काही वर्षं मिरवली. मग इंजिन जाम झालं आणि गाडी गोठ्यात कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी जाऊन बसली. तात्यांच्या मनातून मात्र उतरली नाही. आमचे हे चाकणला कंपनीत मेंटेनन्सचे फिटर. ह्यांनी तात्यांना शब्द दिला – तुमच्या जुन्या गाडीत नव्या गाडीचं इंजिन बसवून देतो, घरच्या घरी.

ह्यांच्या जोडीला होते बालाजीभाऊ. लातूरकडचे. भंगाराच्या यार्डात गाड्या खोलायचं काम करायचे. बायको आणि लेक गावाकडे, आणि हे इथे चारचौघांबरोबर एका खोलीत पथारी टाकून. अपघातात चेपलेल्या एका गाडीचं चांगलं इंजिन त्यांनीच शोधून आणलं होतं. मला भाऊ नाही. राखीपौर्णिमेला मी त्यांना राखी बांधायची. ते मला ताई म्हणायचे, आणि जेवून उठताना आपलं ताट स्वतः घासून ठेवायचे. आमच्या घरात पुरुषानं ताट घासलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तात्या एकदा काम बघायला आले, बालाजीभाऊंचा हात बघून खूश झाले. म्हणाले, ''दसऱ्याला गाडी पेटू दे, निगडीच्या माझ्या गाळ्याची किल्ली तुझ्या हातात, ग्यारेज टाक. वर खोली हाय. बायकापोरास्नी घिऊन ये, असं किती दिस ऱ्हाणार?'' त्या दिवसापासून बालाजीभाऊ नट आवळता आवळता लेकीच्या शाळेविषयी विचारायचे. निगडीत शाळा बऱ्या आहेत का? मराठी शाळा आहे का? मला काय माहीत असणार, मी चौथीत शाळा सोडलेली. पण मी हो म्हणायची.

जुनं इंजिन चेन-पुलीनं वर उचललं. नवं त्या जागेत बसेना, तेव्हा ह्यांनी पट्ट्या कापून, वेल्डिंग करून इंजिन टेकवायला नवे माउंटिंग केले. ते सगळं ह्यांना येत होतं. अडलं ते वायरींवर. जुन्या गाडीत वायरी मोजक्याच असतात. नवं इंजिन संगणकाच्या हुकमानं चालतं, आणि त्याच्याबरोबर वायरींचा हा एवढा भारा आला होता. दोघं त्या भाऱ्याकडे बघत बसले, जसं कुणी केसांच्या गुंत्याकडे बघावं. हे म्हणाले, शेवया आहेत का काय ह्या.

आणि माझं काम तेच. चाकणला मी ठेकेदारामार्फत हार्नेसच्या कंपनीत जायची. गाडीच्या अंगात वायरींचा जो जुडगा असतो, तो आम्ही बाया बोर्डावर बांधतो. उभ्यानं, दिवसभर. वायरीच्या टोकाला पितळी टर्मिनल असतं, ते कपलरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या जोडाच्या, भोकात घालायचं. ढकला, ऐका, ओढा – एवढंच शिकवतात पहिल्या दिवशी. ढकलायचं, टक् असा आवाज ऐकायचा, मग वायर ओढून बघायची. नाही निघाली म्हणजे बसली.

सुट्टीच्या दिवशी मी स्टूल घेऊन शेडमध्ये बसायला लागले. हे मोबाइलवरचा नकाशा वाचून सांगायचे, मी रंग बघून जोडत जायची. लाल-पांढरी, तपकिरी, हिरवी-काळी. बालाजीभाऊ शेजारी बसून टेप गुंडाळायचे. कंपनीत माझ्या हातून रोज कितीतरी जुडगे जातात, कुठल्या गाडीत जातात ते कळत नाही. हे एक मला दिसणार होतं. ह्या एका गाडीत माझे हात राहणार होते. शेवटची टेप लावली त्या दिवशी जेवताना हे म्हणाले, तुझ्याशिवाय झालं नसतं. लग्न झाल्यापासून असं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी भाकरी करत होते, वळून पाहिलंसुद्धा नाही. पण ते वाक्य मी किती दिवस बरोबर घेऊन फिरले – कंपनीच्या बसमध्ये, लाइनवर, सगळीकडे.

आता दसरा. इथून पुढे माझा हात अडखळतो.

सकाळीच तात्या आले, त्यांचे पुतणे आले, गल्लीतली माणसं जमली. गाडी पुसून, झेंडूच्या माळा घालून उभी. बॉनेट उघडं. मी पूजेचं ताट घेऊन दारात. तात्यांनी आत वाकून बघितलं आणि म्हणाले, ''वायरी लई झ्याक बसवल्यात. कुणी केलं ह्ये?''

माझे कान गरम झाले. मला आठवतंय, मी पदर सारखा केला.

हे म्हणाले, ''बालाजीनं.''

एका शब्दात. विचारसुद्धा करावा लागला नाही. बायकोनं केलं म्हणायची लाज वाटली असेल. ते मी समजू शकले असते – नवऱ्याच्या बाबतीत मी तेवढी सवय करून घेतली होती. पण बालाजीभाऊ? ते खाली बघत होते. तात्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि ते काही म्हणाले नाहीत. थोडंसं हसलेसुद्धा. ज्याच्या मनगटाला मी राखी बांधली, जो माझ्या शेजारी बसून टेप गुंडाळत होता, तो माझं काम आपल्या पाठीवर घेऊन हसत उभा होता. तुमच्या बाबतीत झालंय कधी असं? उघड्या दारात उभं असताना कुणी आपल्यासमोरून आपलीच वस्तू घेऊन जावी आणि आपल्याला ओरडता येऊ नये? मला रडू आलं नाही.

हे म्हणाले, तू पूजा करून घे, तोवर आम्ही चहा घेतो. सगळे ओसरीवर गेले. गाडीपाशी मी एकटी.

एका हातानं मी इंजिनाला हळद-कुंकू लावलं. दुसऱ्या हातानं बांगडीतली सेफ्टी पिन काढली.

इंजिन किती फिरलंय हे संगणकाला सांगणारी एक वायर असते. ती नसली की स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेटत नाही. तिचं कपलर कुठे आहे ते डोळे झाकून सांगितलं असतं मी. पिनेच्या टोकानं मी त्याची खिट्टी दाबली, टर्मिनल मागे ओढलं, आणि मग पुन्हा अर्धवटच आत सारलं – पण टक् होऊ दिलं नाही. वरून बघणाऱ्याला ती बसलेलीच दिसणार. पिन परत बांगडीत अडकवली. अक्षता वाहिल्या. देवा, हे सगळं मी नमस्कार करता करता केलं.

तात्यांनी नारळ फोडला आणि स्वतः किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला. पुन्हा फिरला. गाडी नुसती हलायची. पुतण्यांपैकी कुणीतरी म्हणालं की तात्या, हिला आधी खोकल्याचं औषध द्या. माणसं हसली. हे हसले नाहीत. मग बॅटरी उतरत गेली आणि स्टार्टरचा आवाजही बसला.

ह्यांनी वळून सगळ्यांसमोर सांगितलं की इंजिन, फिटिंग सगळं आपण डोळ्यांत तेल घालून केलंय, घोळ असणार तो वायरींतच. आणि वायरी कुणाच्या, ते तर आत्ताच ठरलं होतं.

बालाजीभाऊ खाली वाकले. एकेक कपलर हातात घेऊन पाहू लागले. त्या कपलरलाही त्यांचा हात लागला. त्यांनी निरखून पाहिलं. ओढून पाहिलं नाही. ओढलं असतं तर वायर सरळ हातात आली असती. का नाही ओढलं? मी बसवलेली म्हणून. दुसरं काय कारण असणार? मी दारातच उभी. त्यांनी मान वर केली, क्षणभर माझ्याकडे बघितलं. आता बोलतील, मला वाटलं. आता म्हणतील, ही माझी वायरिंग नाही, ताईंनी केलीय. बोलू देत – मला तेच हवं होतं ना?

''माझंच चुकलं आसंल, तात्या,'' ते म्हणाले. ''मला न्हाई जमलं.''

तात्या चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी किल्ली काढली, पायांत चप्पल घातली आणि म्हणाले, ''ऱ्हाऊ दे. गाळ्याचं आमी दुसऱ्या कुणाचं बघतो.''

दुसऱ्या दिवशी बालाजीभाऊ त्यांचे पाने-पक्कड न्यायला आले. हे कंपनीत होते. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि हळूच म्हणाले, ''ताई, मनाला लावून घिऊ नका. अख्ख्या गाडीचं पहिल्यांदाच केलं होतं तुमी. कुणाचंबी चुकतं.''

म्हणजे त्यांना वाटलं होतं की चूक माझ्या हातून झाली, भाबडेपणानं. आणि ती त्यांनी आपल्यावर घेतली होती.

मी तोंड उघडायला हवं होतं. मी रिकामा तांब्या घेऊन आत गेले.

ते गेल्यावर मी शेडमध्ये जाऊन ती वायर ढकलली. टक् झालं. ओढून पाहिली. माझ्या मनात काय होतं, तर गाडी सुरू झाली की सगळं जिथल्या तिथे येईल, तात्या बालाजीभाऊंना बोलावतील. खरंच इतकं सोपं वाटलं होतं मला? की फक्त माझ्या जिवाचा घोर जावा म्हणून केलं? ह्यांनी बॅटरी चार्ज करून आणली, किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्या झटक्यात पेटलं. पत्रे थरथरले. हे धावत तात्यांकडे गेले – बालाजीनं घातलेला घोळ मी निस्तरला म्हणाले. म्हणजे माझ्या टक् करण्यानं बालाजीभाऊंच्या चुकीवर शिक्काच बसला. तेव्हाही मी बोलू शकले असते. तेव्हा तर फक्त ह्यांच्याशीच बोलायचं होतं, घरातल्या घरात.

तात्यांनी गाळ्याची किल्ली ह्यांना दिली.

आता मी हे जिथे बसून लिहिते आहे ना, ती त्याच गाळ्यावरची खोली. कंपनी सोडली मी. खाली ह्यांचं वर्कशॉप आहे. शाळा खिडकीतून दिसते. मराठी शाळा.

अजून एक गोष्ट राहिली. मघाशी वायरींचं सांगताना मी ती मुद्दाम गाळली. इथेही गाळणार होते.

दसऱ्याच्या थोडं आधी, टेप गुंडाळता गुंडाळता बालाजीभाऊ म्हणाले होते, तात्या आले की मी सांगणार, हे सगळं आमच्या ताईनं केलंय. आणि मी घाबरून त्यांना म्हणाले होते, ''नको भाऊ, शपथ आहे. चारचौघांत माझं नाव घेऊ नका.'' ते हसले होते, बरं म्हणाले होते.

मी तसं म्हणाले खरं, पण मला वाटत होतं की ते ऐकणार नाहीत. तरीही सांगतील. सांगावं असं वाटत होतं. ह्यांनी मला कसला शब्द दिला नव्हता, त्यांनी जे केलं ते केलं. पण त्या माणसानं दिलेला शब्द पाळला, माझ्या शपथेपायी खाली मान घालून उभा राहिला – आणि मी त्याला दगा म्हटलं. दारात उभी होते तेव्हा मला ती शपथ आठवत नव्हती का? आठवत होती. पिन काढतानाही आठवत होती.

गेल्या उन्हाळ्यात चाकणच्या बस स्टॉपवर ते भेटले. एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. केस पांढरे झालेत. बायको, लेक गावाकडेच राहिल्या, लेकीचं लग्न ठरलं म्हणाले. गाळा कसा चाललाय विचारलं, ह्यांची तब्येत विचारली. त्या दसऱ्यानंतर मी त्यांना राखी बांधली नव्हती, त्याचं ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''वायरिंग करता का ताई अजून?''

मी नाही म्हणाले.

''सोडू नका. हात चांगला हाय तुमचा.''

स्टॉपवर आम्ही दोघंच होतो. त्यांची ड्युटी सुरू व्हायला वेळ होता. मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी राहिले. बस आली, आणि मी चढले.