भूलकाकांची हलकी काडतुसे

भूलकाका कोणाशीही हात मिळवताना भुलीच्या डोससाठी जोखावे तसे त्याचे वजन मनातल्या मनात जोखत, आणि ओळख वाढली की सांगूनही टाकत. ब्रिस्टलच्या इस्पितळात ते भूलतज्ज्ञ होते, म्हणून आम्हा मराठी मंडळींत हे नाव पडले. मी ग्रंथालयात नोकरी करायची आणि त्यांच्या शेजारी राहायची.

ऐंशीच्या दशकात आमच्यातले बाकीचे लोक रविवारी एकमेकांकडे जेवायला जात, तेव्हा काका आणि शैलाकाकू रायफल क्लबमध्ये नेमबाजीला जात. दोघांचेही स्वतंत्र परवाने होते. नेम काकूंचा चांगला होता, हे काकाच आधी सांगत. मग काकूंच्या उजव्या खांद्याचे ऑपरेशन झाले आणि रायफलचा मागे बसणारा धक्का त्यांना सोसेनासा झाला. आता दर रविवारी सकाळी त्या ओव्हन घासू लागल्या. तो स्वच्छच असायचा.

काकांनी बागेतल्या शेडमध्ये तराजू मांडला. वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत पुन्हा दारू भरून, वर गोळी बसवून ते काकूंसाठी हलकी काडतुसे करू लागले. मला या उद्योगाचे फार कुतूहल. नेहमीचीच दारू अर्धी भरली की झाले ना, असे मी विचारले.

"कमी डोस म्हणजे सौम्य डोस नव्हे," काका म्हणाले. "अर्धवट भूल दिलेला पेशंट टेबलावर उठून बसतो."

दारू फारच कमी पडली तर ती दर वेळी वेगळी जळते, गोळी नळीतच अडकू शकते, हे त्यांनी मला समजावले. म्हणून हलक्या काडतुसाची दारू वेगळी, गोळी वेगळी, आणि मापे छापील पुस्तकातली. त्या पुस्तकाच्या खाली जायचे नाही आणि वरही नाही. शेडमध्ये रेडिओला बंदी होती.

पहिले काडतूस उडवल्यावर काकूंनी खांद्याला हात लावून पाहिला. कोणी दारावर टकटक करावे तेवढेच वाटले, असे त्या म्हणाल्या. क्लबमधल्या एका म्हाताऱ्या इंग्रजाने डॉक्टरीणबाईंची रायफल गरजत नाही, नुसता घसा साफ करते असा शेरा मारला, तेव्हा काकू पुष्कळ दिवसांनी हसल्या. ओव्हन पुन्हा काळा पडला.

पुढच्या हिवाळ्यात खांदा पुन्हा ठणकू लागला. काकू लपवत होत्या, पण काकांना दिसत होते. कोणाला न सांगता ते पुस्तकातल्या मापाच्या खाली उतरले.

त्या रविवारी मी बघायला गेले होते. काकूंनी चाप ओढला, दबका आवाज झाला, पण समोरच्या कागदावर भोक पडले नाही. दुसऱ्या कोणी पुढचे काडतूस घातले असते. काकूंनी हात वर केला, नळीचे तोंड निशाणाकडेच ठेवले आणि थांबल्या. रायफल रिकामी करून मागून पाहिले तर नळीतून उजेड येत नव्हता. गोळी आत अडकली होती. तिच्यामागे दुसरी सुटली असती तर नळी काकूंच्या चेहऱ्याजवळ फुटली असती. काकांनी उरलेली सगळी काडतुसे डब्यात बंद केली आणि आपण पुस्तकातल्या मापाच्या खाली उतरलो होतो हे काकूंना तिथेच सांगून टाकले.

परतताना गाडीत काकू म्हणाल्या, "अहो, पेशंट घरातला असला की केस दुसऱ्याला देता ना तुम्ही?"

"हो."

"मग दुखतंय की नाही ते मी सांगेन. तुम्ही पुस्तकाप्रमाणे भरा."

तेव्हापासून शेडमध्ये दुसरे स्टूल आले. काकू पुस्तकातले माप मोठ्याने वाचत, काका तराजूवरची नजर न काढता म्हणत, "पुन्हा वाच." दुसऱ्यांदा ऐकल्याशिवाय दारू पुंगळीत जात नसे. खांदा फार ठणकला की त्या रविवारी दोघेही घरी राहत. अशी कितीतरी वर्षे गेली.

नव्वदच्या दशकात काका अचानक हृदयविकाराने गेले. वसंतात काकू त्यांनी भरलेला शेवटचा डबा घेऊन क्लबमध्ये गेल्या. सोबत मी होते. सावकाश, मध्ये मध्ये थांबत त्यांनी सगळी काडतुसे संपवली. मग सवयीने वाकून कोमट पुंगळ्या वेचल्या, कार्डिगनच्या बाहीने पुसल्या आणि काकांना आवडे तशा, तोंड खाली करून डब्यात लावल्या. वाटेत डबा त्यांच्या मांडीवर होता.

घरी आल्यावर त्यांनी शेड उघडली, काकांच्या स्टुलावर बसल्या आणि पुस्तक माझ्या हातात दिले. मी दुसऱ्या स्टुलावर बसून माप वाचले.

तराजूवरची नजर न काढता काकू म्हणाल्या, "पुन्हा वाच."